निगेटिव्ह म्हणजे काय रे भाऊ?

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, सगळे बॅगा आवरत असताना, एचआरचा मेल आला. विषय: श्वसनविकारांबाबत सुधारित धोरण. (मराठी माझं. मूळ मेल अर्थातच कॉर्पोरेट इंग्रजीत.) सार एवढंच, की सर्दी-ताप-खोकला झालेल्या माणसाने ऑफिसात परत येण्याआधी 'निगेटिव्ह टेस्ट रिपोर्ट' पोर्टलवर चढवायचा. मी आपलं भाबडेपणाने उलट विचारलं, मॅडम, कोणत्या विषाणूचा आणि कोणत्या पद्धतीच्या टेस्टचा? पाच मिनिटांत उत्तर आलं, "कोणताही चालेल, फक्त निगेटिव्ह असायला हवा."

आज रविवार. चहाचा दुसरा कप संपला तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. राग मॅडमवर नाहीये, त्या बिचाऱ्या वरून आलेलं खाली ढकलतात. राग या गोष्टीचा आहे, की २०२० पासून एवढं सगळं भोगून, नाकात इतक्या काड्या घालून घेऊन, आपण सुशिक्षित म्हणवणाऱ्या लोकांनी टेस्टबद्दल काय शिकलं, तर 'निगेटिव्ह म्हणजे चांगलं, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि आरटीपीसीआर म्हणजे सगळ्यात भारी'. बस्स.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडच्या टेस्ट लिहितो. पण या विषयात मला गप्प न बसण्याचं एक कारण आहे आणि ते साताऱ्याला राहतं.

मार्च २०२३. आजीचं सहस्रचंद्रदर्शन. गुरुवारी रात्री मला कणकण वाटायला लागली, घसा दुखत होता. मी जबाबदार नागरिक, त्यामुळे औषधाच्या दुकानातून कोविडचं घरगुती किट आणलं, यूट्यूबवर बघून नीट नाकात काडी फिरवली, पंधरा मिनिटं थांबलो. एकच रेघ. निगेटिव्ह! आईला फोटो पाठवला, क्रोसिन घेतली आणि शनिवारी पहाटे साताऱ्याला निघालो. आजीला वाकून नमस्कार केला, तिने जवळ घेऊन गालावरून हात फिरवला. मंगळवारी तिला ताप आला, शुक्रवारी तिला ऑक्सिजन लावावा लागला. हॉस्पिटलने नमुना पाठवला, त्यात निघाला इन्फ्लुएंझा, एच३एन२. (तेव्हा देशभर त्याचीच साथ होती, पेपरात रोज येत होतं.) आजी सात दिवस आत होती. घरी आली, पण तोपर्यंत एकटी चालत देवळात जायची, ते बंद झालं ते झालंच.

माझ्याकडूनच गेलं असं सिद्ध करता येणार नाही, घरात साठ माणसं होती. पण मला माहितीये. आणि किटने माझ्याशी काहीही खोटेपणा केला नव्हता हेही माहितीये. त्याला विचारलं होतं 'कोविडचं प्रथिन आहे का?', त्याने सांगितलं 'दिसत नाही'. मी ऐकलं 'तू आजीला भेटायला हरकत नाही'. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

तर माझा मुद्दा हा आहे: 'कोणती टेस्ट सगळ्यात अचूक?' हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न न ठरवता टेस्ट करणं म्हणजे रिक्वायरमेंट न वाचता टेस्ट केस लिहिणं. सगळ्या हिरव्या येतात आणि प्रॉडक्शनला बोंब.

आरटीपीसीआरपासून सुरू करू, कारण तिचे भक्त जास्त. ही टेस्ट विषाणू शोधत नाही. विषाणूच्या आरएनएचे ठराविक तुकडे शोधते. आधी त्या आरएनएची डीएनएत नक्कल करायची, मग यंत्रात तो तापवायचा, थंड करायचा, परत तापवायचा. प्रत्येक फेरीत, कागदावर तरी, तुकड्यांची संख्या दुप्पट. ३५ फेऱ्या म्हणजे दोनाचा पस्तिसावा घात. एका तुकड्याचे तीन हजार चारशे कोटींच्या वर तुकडे! चमकणारा रंग किती फेऱ्यांनंतर ठराविक पातळीच्या वर आला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. आकडा जितका लहान तितका माल जास्त. १८ वाला आणि ३३ वाला यांच्यात पंधरा फेऱ्यांचा फरक, म्हणजे दोनाचा पंधरावा घात, म्हणजे साधारण तेहतीस हजार पट. आणि रिपोर्टवर दोघांच्याही नावापुढे एकच शब्द: पॉझिटिव्ह. फ्लोट व्हॅल्यूला बुलियनमध्ये कोंबून वर ठळक अक्षरात छापायची ही हौस मला कधी कळली नाही.

लगेच कुणी म्हणेल, मग सीटी व्हॅल्यूच बघू. थांबा. काडी कशी फिरवली, नमुना कसा साठवला, किट कोणतं, जनुकाचा कोणता भाग शोधला, यावर तो आकडा हलतो. एका लॅबचा २४ आणि दुसऱ्या लॅबचा २४ एकच असतील असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयसीएमआरला विचारलं होतं, की पॉझिटिव्ह ठरवायची मर्यादा २४ वर आणता येईल का. आयसीएमआरने नाही म्हणून सांगितलं, ३५ च ठेवा, नाहीतर संसर्ग पसरवू शकणारे अनेक जण हातचे सुटतील. बरोबरच होतं ते. आकड्याला अर्थ आहे, पण तो तुमचा एकट्याचा वजनकाट्यावरचा आकडा नव्हे.

पीसीआरची दुसरी गंमत अशी, की मेलेल्या विषाणूचे तुकडेही तिला तितकेच प्रिय. प्रोसेस कधीच बंद पडलेली असते, पण लॉग फाइल डिस्कवर तशीच पडून असते, आणि पीसीआर लॉग वाचते. जर्मनीत म्युनिकच्या पहिल्या साखळीतल्या नऊ रुग्णांचा २०२० साली बारकाईने अभ्यास झाला. त्यांच्या घशातल्या-थुंकीतल्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवून बघायचा प्रयत्न केला, तर लक्षणं सुरू झाल्याच्या आठव्या दिवसानंतर एकाही नमुन्यातून विषाणू वाढला नाही. आरएनए मात्र सापडतच होता. जिवंत विषाणू आहे का याचं खरं उत्तर देणारी टेस्ट म्हणजे हीच, पेशींमध्ये वाढवून बघणं. पण त्याला कडक सुरक्षेची प्रयोगशाळा लागते आणि बरेच दिवस लागतात. ती काही आपल्या कोपऱ्यावरच्या कलेक्शन सेंटरला मिळत नाही.

आता हे वाचून २०२१ चं आमचं ऑफिस आठवा. टीममधला एक जण एप्रिलमध्ये आजारी पडला, दहा दिवसांत ठणठणीत. कंपनीचा नियम: निगेटिव्ह आरटीपीसीआर आणल्याशिवाय कामावर नाही. त्याचं काम प्रयोगशाळेतल्या हार्डवेअरवर, घरून होण्यासारखं नाही. त्याने दर आठवड्याला टेस्ट केली. पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह. पाचव्या आठवड्यात निगेटिव्ह आली तोवर रजा संपून बिनपगारी सुरू झाली होती. त्याच सुमारास, मे २०२१ च्या सुरुवातीला, आयसीएमआरने स्पष्ट सूचना काढली होती, की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नका. म्हणजे देशातली सर्वोच्च संस्था 'करू नका' म्हणत होती आणि आमचं एचआर 'केल्याशिवाय येऊ नका' म्हणत होतं. दुसऱ्या लाटेत लॅबवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, रुग्णांचे रिपोर्ट तीन-तीन दिवस अडकत होते, आणि त्या रांगेत हा धडधाकट पोरगा दर सोमवारी उभा. त्याच्या काडीमुळे कुणाचा तरी रिपोर्ट उशिरा आला असणार. च्यायला, याचा हिशोब कुणी ठेवला?

उलट टोकाला 'अँटिजेन किट म्हणजे बोगस' म्हणणारी मंडळी. जून २०२० मध्ये पहिल्या अँटिजेन टेस्टला परवानगी देताना आयसीएमआरने आकडे लपवले नव्हते. दोन ठिकाणच्या तपासणीत तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के, विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के. साध्या मराठीत, बाधित माणसांतले निम्मे ते चार पंचमांश ती पकडते, आणि निरोगी माणसावर खोटा आळ जवळजवळ घेत नाही. म्हणूनच सोबत अट होती: लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच. अट लहान टायपात, निगेटिव्ह मोठ्या टायपात. लोकांनी काय वाचलं ते सांगायला नको.

पण निम्म्याच का सापडतात? कारण इथे दुप्पट-दुप्पट काही नाही. पट्टीवर विषाणूच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी बसवलेल्या, नमुन्यात प्रथिन पुरेसं असेल तर रेघ दिसते, नसेल तर नाही. त्यामुळे नाकात विषाणूचा सुळसुळाट असतो तेव्हा ती चांगली पकडते, आणि सुटतात ते बरेचसे एकतर अगदी सुरुवातीचे किंवा शेवटाकडचे. आता बघा, प्रश्न 'या माणसाला संसर्ग झाला होता का?' असा असेल तर ती कच्ची आहे. प्रश्न 'हा माणूस आत्ता, या घडीला विषाणू उधळतोय का?' असा असेल तर पंधरा मिनिटांत मिळालेलं तिचं उत्तर तीन दिवसांनी आलेल्या पीसीआरपेक्षा कामाचं ठरू शकतं. हार्वर्डमधला मायकेल मिना २०२० मध्ये हेच कानीकपाळी ओरडत होता, की साथ रोखायला एका टेस्टची सूक्ष्मता नव्हे तर ती किती वेळा करता आणि उत्तर किती लवकर मिळतं हे महत्त्वाचं. ज्याने कधी रोज रात्री चालणारा बिल्ड बघितलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

फक्त त्यातला 'किती वेळा' हा शब्द आपण सोयीने गाळला. अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२२ पासून सांगितलंय, लक्षणं असतील तर ४८ तासांच्या अंतराने किमान दोन निगेटिव्ह, लक्षणं नसतील तर तीन. मी गुरुवारी रात्री एकदा केली आणि शनिवारी मिठ्या मारत फिरलो.

किटवरची ती 'सी' रेघही फसवी आहे बरं का. लोकांना वाटतं ती आली म्हणजे टेस्ट नीट झाली. ती फक्त एवढंच सांगते की द्रव पट्टीवरून पुढे सरकला. काडी नाकाला न लावता नुसतं बाटलीतलं पाणी टाकलंत तरी ती येते. बऱ्याच पीसीआर किटमध्ये माणसाचं एक जनुकही सोबत शोधतात, ते सापडलं नाही तर नमुनाच नीट घेतला नव्हता हे कळतं. ही सोय घरच्या किटमध्ये नाही, त्यामुळे घाबरत घाबरत नाकाच्या दारात काडी टेकवणाऱ्याचा निगेटिव्ह हा निगेटिव्ह नसतोच.

अँटिबॉडी टेस्टबद्दल फार बोलत नाही. ती विषाणू नव्हे, विषाणूला आपल्या शरीराने दिलेलं उत्तर शोधते, आणि ते उत्तर तयार व्हायलाच आठवडा-दोन आठवडे लागतात. चोर घरात आहे का, यासाठी मागच्या महिन्यातली एफआयआर बघण्यासारखं. एप्रिल २०२० मध्ये राज्यांनी ती किटं घाईने वापरली, निकालांत ६ ते ७१ टक्के इतका फरक आल्याचं डॉ. रमण गंगाखेडकरांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, आणि महिना संपायच्या आत किटं परत पाठवायचे आदेश निघाले. सीटी स्कॅनचंही तसंच. तो फुप्फुसाची अवस्था सांगतो, विषाणूचं नाव नाही. तरी २०२१ मध्ये अंगावर साधा ताप असताना 'स्कोअर किती आला' विचारणारे काका प्रत्येक सोसायटीत होते. एका सीटीमध्ये ३००-४०० एक्स-रे एवढं रेडिएशन असतं असं तेव्हा एम्सचे डॉ. गुलेरिया म्हणाले, रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला जोरदार आक्षेप घेतला, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो हिशोब जुन्या यंत्रांचा होता. त्या भांडणात मूळ प्रश्न, सौम्य आजारात स्कॅन करायचाच कशाला, बाजूलाच राहिला.

आता खरा गाभा, जो इंजिनिअर असूनही आपल्यातल्या नव्वद टक्के लोकांनी सेकंड इयरला पाठ करून परीक्षेनंतर विसरून टाकला. बेझ. समजा किट ६० टक्के बाधित पकडतं आणि शंभर निरोगींपैकी एकावर खोटा आळ घेतं. साथ जोरात आहे, घरात दोघं आजारी आहेत, तुम्हाला ताप आहे. अशा शंभर माणसांतली पन्नास बाधित धरा. किट त्यातली ३० पकडेल, २० सोडेल. उरलेल्या पन्नास निरोगींपैकी जवळपास सगळ्यांना निगेटिव्ह म्हणेल. म्हणजे सत्तर निगेटिव्हांत २० बाधित. दर साडेतीन निगेटिव्हांमागे एक! आता तेच किट, तीच कंपनी, तोच बॅच घेऊन साथ नसताना ऑफिसच्या दारात हजार धडधाकट लोकांवर वापरा, ज्यांत दहा बाधित आहेत. सहा सापडतील. आणि ९९० निरोगींतले दहाएक विनाकारण पॉझिटिव्ह. म्हणजे घरी पाठवलेल्या सोळांपैकी दहा निर्दोष. किट बदललं नाही, प्रश्न विचारायची जागा बदलली. पहिल्या ठिकाणी निगेटिव्हवर विश्वास ठेवू नये, दुसऱ्या ठिकाणी एकट्या पॉझिटिव्हवर. आणि आम्ही मात्र किटच्या खोक्यावरचा '९८% अचूक' वाचून भांडतो.

आणि दिवस. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२० मध्ये सात अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून बघितलं, की आरटीपीसीआर, होय, तीच भारी आरटीपीसीआर, कोणत्या दिवशी किती चुकते. लक्षणांच्या आदल्या दिवशी ६७ टक्के बाधित निसटतात. लक्षणं सुरू होतात त्या दिवशी ३८ टक्के. त्यानंतर तिसऱ्या दिवशी २० टक्के, आणि मग पुन्हा वाढत जातात. म्हणजे सगळ्यात चांगल्या दिवशीही पाचातला एक सुटतो. आमच्या एचआरच्या पोर्टलवर रिपोर्टची तारीख भरायची जागा आहे. लक्षणं कधी सुरू झाली हे भरायला जागा नाही.

हल्ली नवीन फॅशन म्हणजे रेस्पिरेटरी पॅनेल. एका नमुन्यात वीसेक जंतू, काही हजार रुपये, रंगीत पीडीएफ. आयसीयूत न्यूमोनियाने पडलेल्या माणसासाठी, किमोथेरपी चाललेल्यासाठी ही टेस्ट जीव वाचवू शकते, त्याबद्दल वाद नाही. पण मित्राच्या तीन वर्षांच्या पोरीला सर्दी झाली म्हणून तिचं पॅनेल केलं आणि त्यात ऱ्हायनोव्हायरस निघाला! ऱ्हायनोव्हायरस म्हणजे साधी सर्दी. तो लहान मुलांत काही लक्षणं नसतानाही सापडतो आणि सर्दी बरी झाल्यावरही काही आठवडे दिसत राहतो. त्यावर विशेष औषध नाही. इतके हजार खर्चून 'मुलीला सर्दी आहे' हे कळलं, जे तिच्या शर्टाच्या बाहीवर आधीच दिसत होतं :)

याउलट इन्फ्लुएंझात टेस्ट खरंच उपयोगी पडते, कारण तिथे उत्तरावरून काहीतरी करता येतं. ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वाधिक फायदा. आणि ८१ वर्षांच्या बाईला साथीच्या दिवसांत ताप आला तर टेस्टचा निकाल येईपर्यंत औषधासाठी थांबायचं नसतं, हेही मला आजी घरी आल्यानंतर कळलं. आम्ही मंगळवार ते शुक्रवार 'व्हायरल असेल' म्हणत बसलो होतो.

यात नवीन काहीच नाही हो. २००९ मध्ये मी सातवीत होतो. ऑगस्टच्या सुरुवातीला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद, गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी, आणि नायडू हॉस्पिटलबाहेर लांबच लांब रांगा. बाबांनी मला नुसत्या खोकल्यासाठी चार तास त्या रांगेत उभं केलं होतं. त्याच महिन्यात केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. सौम्य लक्षणं असलेल्यांची टेस्ट नाही, घरी थांबा. जोखमीच्या लोकांना टेस्टविना औषध. गंभीर असेल त्याची टेस्ट आणि भरती. म्हणजे आधी प्रश्न, मग टेस्ट. ज्या शहरात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी संस्था आहे, जिथे देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचं निदान पक्कं झालं, त्या शहरातल्या कंपनीला 'कोणताही चालेल' लिहिताना काही वाटत नाही!

तर मी मॅडमना आत्ताच मेल टाकलाय. रिपोर्टची अट काढा. ताप उतरून, औषधाशिवाय, चोवीस तास झाले असतील आणि तब्येत सुधारत असेल तर या, पुढचे पाच दिवस मास्क लावा, बरं वाटत नसेल तर घरी थांबा आणि त्यासाठी रजा कापू नका. शेवटच्या वाक्यावर गाडी अडणार हे मला माहितीये. कारण रिपोर्ट फुकट आहे, म्हणजे कंपनीला. त्याचे पैसे आपण भरतो. रजेचे तिला भरावे लागतात.

पुढच्या शनिवारी साताऱ्याला जायचं ठरलं होतं. कालपासून घसा जरा खवखवतोय. आजीला फोन करून सांगितलं, एक आठवडा पुढे ढकलतो. ती म्हणाली, "अरे, ती काडी घालून बघ की नाकात, काही नसलं तर ये." मी म्हटलं, नको आजी, नंतरच येतो. तिला ते पटलं नाही. तिने आईकडे फोन दिला.